पत्रकातली शेवटची ओळ

आयोडीनचा वास आला की मला जामसरची सभा आठवते. तेव्हा जव्हारात राजेसाहेबांचं राज्य होतं, आणि बाळंतपणात मरणाऱ्या बायका पाहून संतापलेला मी पुरुषांच्या नसबंदीची पत्रकं घेऊन पाड्यापाड्यांवर फिरत होतो. माणसं नागलीचं खळं सोडून ऐकायला आली होती. मी ठणकावून सांगितलं, "सुई टोचल्याएवढं दुखेल, दोन टाके पडतील, आठवडाभर ओझं उचलू नका, की झालं!" एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, बडवून खच्ची केलेला बैल आमी लगेच गायींत सोडीत नाय. मानसाचा कसा?" सगळे हसले. मी चिडून म्हणालो, "आजोबा, माणूस म्हणजे बैल नव्हे!" खरं तर पत्रकाच्या शेवटी तेच छापलं होतं: तीन महिने जपावं, तोवर दिवस राहू शकतात. पण एवढं ऐकून कोण तयार होईल, म्हणून मी ती ओळ गाळली. त्या सभेतला पाच लेकरांचा एक बाप माझ्याबरोबर ठाण्याला डॉक्टरांकडे आला. आयोडीन लावून लावून जखम छान भरली. पुढच्याच महिन्यात त्याच्या बायकोला दिवस गेले, आणि बदफैली म्हणून त्याने तिला खोडाळ्याला माहेरी हाकललं. मी धावत जाऊन माझी चूक कबूल केली, तर तो म्हणाला, "तवा म्हाताऱ्याला गप केलां, न आता तिला वाचवाया खोटा बोलतां." आता प्रत्येक सभेत मी ती ओळ सगळ्यात आधी वाचतो. खोडाळ्यात मात्र मी अजून एकही सभा घेतलेली नाही.