शाळेचा शिंपी

माझी मावशी शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन, कापडाचे तागे आणि एक उंच आरसा. गल्लीत तिला सगळे टाकेबाई म्हणतात. तिच्या हातचा कपडा विटेल, पण उसवणार नाही, अशी तिची ख्याती. काका म्हणतात, "हिनं शिवलेलं फाडायचं तर कोर्टातून हुकूम आणावा लागेल."

डॉक्टर हे तिचं जुनं गिऱ्हाईक. ते आणि त्यांची मित्रमंडळी दरवर्षी परदेशातल्या एका गरीब वस्तीत स्वखर्चानं जात, तिथल्या शाळेतल्या मुलांचे दात-डोळे तपासत, वह्या-पुस्तकं वाटत. त्यांच्या पहिल्याच फेरीनंतर ते पॅन्टची कंबर सैल करून घ्यायला आले आणि फोनवर तिथले फोटो दाखवू लागले. मुलांचे गणवेश कोपरांवर विरलेले, कुणाच्या शर्टाला बटणंच नाहीत. मावशीनं फोन हातात घेतला तो बराच वेळ परत दिला नाही.

"सगळ्या शाळेचे मी शिवते," ती म्हणाली. "कापड तेवढं तुम्ही आणा."

मग कित्येक महिने त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेरच्या ऑर्डरी तिनं परत पाठवल्या. काज-बटणं करायला मला आणि शेजारणींना कामाला जुंपलं. शर्टांच्या शिलाईत जास्तीचं कापड, स्कर्टना रुंद दुमड. मूल वाढलं की उसवून मोठं करता यावं म्हणून. मंडळी तिलाही सोबत घेऊन गेली. ती जन्मात पहिल्यांदा विमानात बसली.

परत आली ती जमिनीपासून वीतभर वरूनच चालत होती. नवे कपडे घालून मुलं मैदानात कशी उभी राहिली, एक चिमुरडी मांडीवर येऊन बसली ती उठायलाच कशी तयार नव्हती, हे आम्ही इतक्यांदा ऐकलं की काका शेवटी म्हणाले, "त्या पोरीला आता उतरव मांडीवरून, तुझे पाय दुखतील."

दोन वर्षांनी ती पुन्हा गेली, शाळेत नव्यानं आलेल्या मुलांचे कपडे घेऊन. वाटप चालू असताना एका मुलीचा स्कर्ट बाकाच्या खिळ्यात अडकला आणि टर्रकन फाटला. हातशिलाईनं भागण्यासारखं नव्हतं. मावशीनं मुख्याध्यापिकेला विचारलं, "इथे जवळ कुणाकडे मशीन आहे का?" मावशीचं इंग्रजी जेमतेम, त्या बाईंचंही तसंच, त्यामुळे दोघींचं छान जमायचं.

बाई जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "चला."

शाळेच्या मागच्या रस्त्यावर पत्र्याच्या छपराचं एक छोटं दुकान होतं. दार अर्धवट लोटलेलं. आत एक बाई धान्य निवडत बसली होती. कापड बेतायच्या टेबलावर डबे रचलेले, मशीनवर जुनी चादर. मावशीनं चादर काढून चाक फिरवलं, तर ते कुरकुरलं. त्या बाईनं तेलाची बाटली आणून दिली.

शिवता शिवता मावशीची नजर खुंटीवरच्या एका शर्टाकडे गेली. शाळेचाच गणवेश, पण जुना. तिनं उठून कॉलर उलटून पाहिली. पट्टी धरून मारल्यासारखे सरळ टाके.

"हा कुणी शिवला?"

"हिच्या नवऱ्यानं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "शाळेचे सगळे कपडे तोच शिवायचा. तुमचे डॉक्टर फोटो काढून गेले ना, त्या वर्षी पुरानं रस्ता वाहून गेला होता. कापड आलंच नाही. पुढच्या वर्षी आलं, तोवर तुमचे कपडे पोचले होते."

"आता कुठे असतो तो?"

"शहरात, कारखान्यात. दिवसभर नुसत्या बाह्या जोडतो. मुलगी आमच्याच शाळेत होती, गणितात हुशार. आता लाँड्रीत इस्त्री करते."

शिंप्याच्या बायकोनं तो स्कर्ट उचलला, आतून-बाहेरून बघितला आणि काहीतरी म्हणाली. मुख्याध्यापिकांनी जरा अडखळत सांगितलं, "ती म्हणते, फार सुंदर शिवलंय. हे कपडे उसवतच नाहीत. दुरुस्तीलासुद्धा कुणी येत नाही."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "असता तर बरं झालं असतं गं," मावशी नंतर मला म्हणाली. "टोमण्याला काहीतरी उत्तर देता येतं."

दुपारी मुलांनी पाहुण्यांसाठी गाणं म्हटलं. मावशी मागे खांबाआड बसून राहिली. डॉक्टरांनी विचारल्यावर तिनं सगळं सांगितलं.

"अहो, आपण काय मुद्दाम केलं?" डॉक्टर म्हणाले. "आणि एका शिंप्यासाठी शाळाभर मुलांना फाटक्यात ठेवायचं का?"

"ती फाटक्यात नव्हती हो. एक वर्ष होती. आपण नेमका त्याच वर्षी फोटो काढला."

"पण आपल्याला कळणार कसं?"

"विचारून. मी गळा विचारते, बाही विचारते. इथे शिंपी आहे का, एवढंच विचारलं नाही."

घरी आल्यावर तिचं शिवणकामावरून मनच उडालं. सरळ शिलाई मारताना मध्येच थांबायची. कुणी तिच्या समाजसेवेचं कौतुक करायला लागलं की चहा टाकायच्या निमित्तानं आत जायची. गल्लीतल्या मंडळानं तिचा सत्कार ठरवला, तिनं पाठदुखीचं कारण सांगितलं. "करायला गेले एक, झालं भलतंच," एवढंच पुटपुटायची. काकांनीही तिची थट्टा करणं सोडून दिलं.

डॉक्टरांच्या मित्रमंडळींच्या पुढच्या बैठकीत मात्र ती हटून बसली. न्यायचं तर कापड न्यायचं, शिलाई तिथल्या शिंप्याची, आणि तसं त्याला आधी कळवायचं.

"मग आपण तिथे जाऊन करायचं काय?" एकानं विचारलं.

"दात बघा," मावशी म्हणाली.

कुरबूर बरीच झाली, कारण स्वतःच्या हातानं वाटण्यातलं सुख कुणाला सोडवत नव्हतं. पण डॉक्टर तिच्या बाजूनं उभे राहिले.

ती तिसऱ्यांदा गेली तेव्हा शिंपी परतला होता. किडकिडीत माणूस, गळ्यात टेप. त्यानं कापड चिमटीत धरून चोळलं, मान डोलावली. "चूक माझी," मावशी मुख्याध्यापिकेमार्फत म्हणाली. "तुम्हाला माहीत नव्हतं," असं म्हणून त्यानं तिच्यापुढे स्टूल सरकवलं. मग ती बेतत राहिली आणि तो शिवत राहिला. आपल्याहून त्याचा हात जलद, हे तिनं मला कौतुकानं सांगितलं.

पण मुलीचं नाव काढताच तो मशीनवर वाकला आणि वर बघेना. तेव्हा मावशी मुख्याध्यापिकेला घेऊन स्वतःच लाँड्रीत गेली.

वाफेनं कोंदलेल्या खोलीत शिंप्याची मुलगी उभी होती. उंच, हाताला भाजल्याचे डाग. मुख्याध्यापिका तिला म्हणाल्या, "परत ये. आम्ही जागा देतो."

मुलगी हसली. "त्या वर्गात आता माझा धाकटा भाऊ बसतो. मी त्या बाकावर मावेन तरी का?" मग मावशीकडे वळून अदबीनं तिनं विचारलं, "तुमचे कपडे आहेत का इस्त्रीला?"

मावशीनं खांद्यावरची शाल काढून दिली. मुलीनं ती मन लावून इस्त्री केली, घडी करून हातात ठेवली आणि पुढचा शर्ट ओढला.

मावशी अजून दरवर्षी जाते. शिंप्याचं दुकान बरं चाललंय. ती लाँड्रीपर्यंतही जाते, पण रस्त्याच्या पलीकडूनच बघते आणि परत फिरते. "आत जाऊन बोलू तरी काय तिच्याशी?" असं मला विचारते.