केरबाअण्णांचा एकच देखावा

केरबाअण्णांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. आयटीआयमधून बाहेर पडून मी उद्यमनगरात नुकतीच नोकरी धरली होती. आपल्या तालमीचा गणपती, त्याच्यापुढचा हलता देखावा आणि तो देखावा उभा करणारे आयटीआयमध्ये माझ्या नव्हे, दुसऱ्या वर्गाला शिकवणारे निदेशक केरबाअण्णा, हे सगळं तोवर गर्दीत टाचा उंचावून पाहिलेलं. पाडवा झाला की तालमीत देखाव्याची बैठक बसते आणि कुणीही उठून आपली कल्पना मांडावी, असा आपला रिवाज. मी एक नव्हे, पिशवीभर कल्पना घेऊन गेलो. उडता गरुड, फिरतं देऊळ, पाण्यावर तरंगणारी पालखी. अण्णांनी सगळ्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि विचारलं, यातली तुझी कंची? मी छाती काढून म्हणालो, सगळ्याच. त्यावर ते म्हणाले, "मग एकबी न्हाई. समदी पोरं माझीच म्हणणारा एकाचंबी नाक पुसत न्हाई."

बैठक हसली. मी तणतणत बाहेर पडलो, आणि अण्णा चपला घालून माझ्या मागोमाग रस्त्यावर आले. तिथून पुढं मी त्यांच्या हाताखाली जे शिकलो, त्यावर माझं वर्कशॉप आणि माझं घर उभं आहे. त्यामुळे या गौरवग्रंथासाठी संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हणालो. फोन ठेवताना ते म्हणाले, जरा गोड लिहा. माफ करा मंडळी, मला संताप आलेला आहे. ज्या हातांनी आपण अण्णांच्या पंचाहत्तरीचा हा ग्रंथ काढतोय, त्याच हातांनी यंदाचा देखावा त्यांच्याकडून काढून घेतलाय. हे न सांगता त्यांच्यावर गोड लिहिणं मला जमणार नाही.

आधी अण्णांची काम करायची पद्धत सांगतो, कारण तालमीतल्या नव्या मंडळींना ती ठाऊक नाही आणि जुन्यांनी ती सोयीनं विसरायचं ठरवलेलं दिसतं. अण्णांच्या डोक्यात कल्पनांना कधी तोटा नव्हता. चहा पिता पिता त्यांना चार सुचायच्या. त्यांच्या मते सुचणं हे काही काम नव्हे, काम आहे ते टाकून देणं. त्यासाठी त्यांनी एक चाचणी ठरवली होती. कल्पना मांडणाऱ्यानं तालमीसमोरच्या रस्त्यावर उभं राहायचं, अनोळखी माणसाला थांबवायचं आणि देखावा तोंडी सांगायचा. हातवारे नाहीत, चित्र नाही. ऐकणारा "चांगलं हाय की" म्हणून चालू लागला, तर ती कल्पना मेली. ऐकणाऱ्यानं "मग पुढं?" असं विचारलं, तर ती जगली. पहिल्या दिवशी माझ्या साऱ्या कल्पनांचं वाटसरूंनी तोंडभर कौतुक केलं आणि एकानंही पुढं काय ते विचारलं नाही. कौतुकाची भीती मला तेव्हापासून वाटायला लागली.

ही चाचणी अण्णांनी दुसऱ्यांना लावली आणि स्वतःला सूट दिली, असं कधी झालं नाही. एका वर्षी त्यांनी विहिरीवरच्या मोटेचा देखावा मनात धरला होता. बैल पुढं जातात, मोट वर येते, पाटाला पाणी सुटतं. तो त्यांचा फार जुना हट्ट होता. सागवानी चाकं त्यांनी घरी स्वतः कातली होती, दात्यात दाते बसवले होते, आणि आम्ही सगळे त्या चाकांकडे बघून खुळे झालो होतो. मग अण्णा स्वतः रस्त्यावर उतरले आणि मुरगूडहून बाजाराला आलेल्या एका भाजीवाल्या मावशींना त्यांनी ती मोट सांगितली. मावशींनी मान डोलावली आणि चांगलं हाय की म्हणून टोपली डोक्यावर घेतली. अण्णा परत आले आणि चाकं सोडवायला बसले. आम्ही हातापाया पडलो, म्हणालो, बाईला काय कळतंय. ते एवढे भडकले की दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. देखावा बाईसाठी करायचा आणि बाईला कळत नाही म्हणायचं, हे त्यांना अजिबात सहन झालं नाही.

अण्णा कठोर आहेत असं पुष्कळांना वाटतं. ज्यांना वाटतं त्यांनी यासीनभाईंना विचारावं. यासीनभाई आपले वेल्डर. देखाव्याचा सगळा सांगाडा आजवर त्यांनीच जोडलाय. एका वर्षी त्यांनी फार जीव लावून एक कल्पना आणली आणि ती रस्त्यावरच्या चाचणीत पडली. भाई तालमीत यायचे बंद झाले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा त्यांच्या दारात हजर. भाभींनी ताट वाढलं. भाई रागातच होते, कशाला आलात म्हणून त्यांनी तोंडावर विचारलं. अण्णा म्हणाले, "तुझी कल्पना म्याच मारली. मग मयतीला मी नको यायला?" भाईंना घास घशात अडकेपर्यंत हसू आलं. नाकारलेल्या प्रत्येकाच्या घरी अण्णा असे जेवायला गेले आहेत. माझ्याही घरी आले होते, आणि माझ्या आईला म्हणाले होते की पोरगं हुशार आहे, फक्त सगळंच हातात धरतंय.

आता यंदाचं. पाडव्यानंतरच्या बैठकीत अण्णांनी पुराचा देखावा मांडला. तो किती साधा होता ते सांगतो. गावात पुराचं पाणी शिरलंय. घरातली माणसं होडीत बसली आहेत. म्हैस पायऱ्या चढवून स्लॅबवर नेऊन बांधलीय. घरची बाई दारात उभी आहे आणि म्हैस सोडून यायला तयार नाही. पाणी हळूहळू चढतं आणि म्हैस मान वळवून होडीकडे बघते. बस. साऱ्या देखाव्यात पाणी आणि ती मान, एवढंच हलणार. रिवाजाप्रमाणे अण्णा रस्त्यावर गेले. गुडघे दुखतात म्हणून एका बाजूनं मी धरलं होतं. रिक्षासाठी उभे असलेले एक पावणे भेटले, पुतणीची सोयरीक बघायला कुरुंदवाडहून आलेले. अण्णांनी त्यांना सांगितलं. रिक्षा आली, थांबली, निघून गेली, तरी पावणे तिथंच उभे. शेवटी म्हणाले, "आवो, मग म्हस वाचली का?"

अण्णा म्हणाले, ते आम्हालाही ठाऊक नाही. पावण्यांनी डोळ्याला रुमाल लावला. त्यांच्या घरी काय घडलं होतं ते आम्ही विचारलं नाही. परत येताना अण्णा मला म्हणाले की इतक्या वर्षांत असा होकार मिळाला नव्हता.

आणि मंडळी, आपण काय केलं? पुढच्या बैठकीत आपल्या तरुण अध्यक्षांनी हात जोडून सांगितलं की अण्णांची कल्पना एक नंबर आहे, तेव्हा ती घ्यायचीच, पण कुणी नाराज व्हायला नको म्हणून बाकीच्यांच्याही घ्यायच्या. म्हणजे मागं मोठा एलईडी पडदा. पडद्यावर चंद्रावर उतरणारं यान. डाव्या अंगाला झाडं लावा म्हणणारी बोलकी बाहुली. उजव्या अंगाला सेल्फी काढायला कमान. वर लेझरचे झोत. आणि या सगळ्यात एका कोपऱ्यात म्हैस. तीसुद्धा तयार फायबरची, भाड्यानं आणायची, डोळ्यांत लाल दिवे असलेली. होडी नाही, दारातली बाई नाही, कारण जागा उरत नाही. बैठकीत टाळ्या पडल्या. सगळे खूश झाले. कुणाच्याही कल्पनेला नाही म्हणायची वेळ आली नाही, आणि याला आपण एकोपा म्हणतो. मी याला भित्रेपणा म्हणतो. पाच जणांना दुखवायचं धाडस नव्हतं म्हणून आपण एका चांगल्या कामाचा चेंदामेंदा केला. वर अण्णांना सांगितलं की तुमची पंचाहत्तरी आहे, यंदा तुम्ही नुसतं खुर्चीत बसायचं. उत्सवाच्या पत्रिकेत त्यांच्या नावापुढं ‘मार्गदर्शक’ असं छापलंय. त्यांचा मार्ग आपण बंद केला, ते मात्र कुठं छापलेलं नाही.

माझा राग एकट्या तालमीच्या मंडळावर नाही. तो अण्णांवरही आहे. ज्यांनी आयुष्यभर बड्या बड्यांच्या कल्पना भर बैठकीत उडवून लावल्या, ते त्या दिवशी टाळ्यांत मान खाली घालून बसून राहिले. मला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो आणि वयाचा मान न ठेवता विचारलं की काल तुमची जीभ कुठं गेली होती. काकींनी चहा आणून ठेवला, तो निवला. मग अण्णा म्हणाले, "अरं, माझंच कौतुक करायला बसलीत माणसं. सत्कार माझा, गिरंथ माझा. त्यांच्या तोंडावर न्हाई कसं म्हणू?"

ते ऐकल्यापासून मला झोप लागलेली नाही. आपण अण्णांना मान दिला आणि त्या मानानं त्यांचं तोंड बंद केलं. वाटेवरच्या कौतुकाला कधी भीक न घालणारा माणूस स्वतःच्या कौतुकात अडकला. त्यांच्या हातांत अजून चार देखावे आहेत की हा एकच, ते मला माहीत नाही. त्यांच्या गुडघ्यांनी मात्र ते जवळजवळ सांगितलंय. म्हणून ती म्हैस यंदाच उभी राहिली पाहिजे, एकटी, पडद्याशिवाय आणि लेझरशिवाय. हा लेख छापायचा की नाही ते संपादक मंडळानं ठरवावं. पण छापला तर एक ओळही गाळू नये.

अण्णा, अशा लेखाच्या शेवटी तुम्हाला उदंड आयुष्य चिंतायचं असतं. मनापासून चिंततो. नजर शाबूत राहो, गुडघे कुरकुरत का होईना पण साथ देवोत, काकींच्या हातचा चहा गरम असतानाच प्यायला मिळो. पण नुसती वर्षं तुमच्या पदरात टाकून आम्ही मोकळे होणार नाही. सत्काराच्या दिवशी व्यासपीठावर तुम्हाला बोलावतील. शाल खांद्यावर पडायच्या आत माईक मागून घ्या आणि समोर बसलेल्या आम्हा सगळ्यांना, अध्यक्षांपासून माझ्यापर्यंत, एकदा तोंडावर ‘न्हाई’ म्हणा. यासीनभाई आणि मी म्हशीच्या सांगाड्याचं लोखंड टेम्पोत भरून दारात उभे आहोत.