ती किल्ली परत का देते?

बीडचं दोन दिवसांचं प्रशिक्षण आटोपून मी आष्टीकडे परत निघालो होतो. गाडी मांजरसुंब्याला चहासाठी थांबली तेव्हा आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या गणिताच्या सरांचा फोन आला. लिंबाजी गेला. सकाळी कार्यालयात काम करता करताच छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी नुसता हो, हो म्हणत राहिलो. खरं सांगायचं तर पहिल्यांदा दुःख झालं नाही, चीड आली. आमच्यात एक बोलणं राहिलं होतं, आणि ते माझ्यामुळे राहिलं होतं. गाडीत परत बसलो तरी ती चीड उतरली नाही. आज सहा-सात आठवडे झाले, अजून उतरलेली नाही.

लिंबाजी आमच्याकडे शिपाई म्हणून लागला आणि क्लार्क म्हणून गेला. मी बारावीला इंग्रजी शिकवतो. आमच्या पाठ्यपुस्तकात एका ब्रिटिश कादंबरीचा भाग आहे. गोष्ट थोडक्यात अशी: एका पाद्र्याची मुलगी एका गिरणीमालकाच्या बंगल्यात त्याच्या लेकरांना शिकवायला राहते. बारा वर्षं राबते. मालक मरताना आपलं एक छोटं घर तिच्या नावावर करून जातो. वकील तिच्या हातात किल्ली देतो. ती रात्रभर ती किल्ली जवळ ठेवते आणि सकाळी परत करून, ट्रंक उचलून बर्फातून चालू लागते. आमच्या पोरांना ना बर्फ माहीत, ना पाद्री. दिवाळीनंतर तर अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेला असतो. म्हणून मी आधी सगळी गोष्ट मराठीतून सांगतो, मग पुस्तक उघडतो. लिंबाजी बाहेर व्हरांड्यात, दुसऱ्या खिडकीखाली घंटेची हातोडी मांडीवर घेऊन बसायचा आणि ऐकायचा. त्या दिवसांत माझा तास हमखास पाच-सात मिनिटं लांबायचा. एकदा प्राचार्यांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, ती पोरगी बंगल्यात पोचल्याबिगर घंटा कशी देऊ?" सगळा स्टाफ हसला. तेव्हापासून प्राचार्य त्याला विचारायचे, "काय लिंबाजीराव, इंग्लंडला कधी निघालात?" तोही कमी नव्हता. "निघालो असतो सर, पर तुमीच पाण्याची टाकी धुवायला लावलीय."

त्याची स्वतःची बारावी इंग्रजीत अडकली होती. बाकीचे विषय सुटलेले, इंग्रजी राहिलेलं. घरची कोयत्यावर, ऊसतोडीला जाणारी माणसं, हाही शिकायच्या वयात वर्षातले चार-पाच महिने कारखान्याच्या फडात. इंग्रजी राहिलं यात नवल काही नाही. क्लार्कची जागा रिकामी होणार होती आणि बारावी पास असेल तर ती त्याला मिळणार होती. वय एकोणचाळीस. त्याने बाहेरून फॉर्म भरला आणि मला म्हणाला, "सर, आता खिडकीतून न्हाई, आत बसून शिकतो." शाळा सुटल्यावर तासभर आम्ही बसायचो. व्याकरण त्याला जड गेलं. कादंबरी मात्र त्याने शब्दकोश घेऊन ओळीओळीने फोडली.

पहिल्या वर्षी अठ्ठावीस गुण मिळाले, दुसऱ्या वर्षी एकतीस. दुसऱ्या निकालानंतर मी त्याचे सरावाचे पेपर नीट काढून पाहिले. कादंबरीवरच्या प्रश्नांत तो वाहून जात होता. 'ती किल्ली परत का देते?' हा प्रश्न दर वर्षी या ना त्या रूपात येतो. गाईडात त्याचं चार मुद्द्यांचं उत्तर आहे: स्वाभिमान, त्याग, निःस्वार्थ सेवा, मालकाच्या कुटुंबाविषयी प्रेम. मी अकरा वर्षं तेच लिहून देत आलो होतो. लिंबाजीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत दीड पान भरून वेगळंच काही लिहिलं होतं. मी त्याला विचारलं, "हे काय आहे?"

"सर, तिला राग आलाय."

"कुणाचा? त्याने तर घर दिलं."

"दिलं की. पर इचारलं का? बारा वर्षं तिला कुणीच इचारलं न्हाई, बाई तुला काय पायजे. मेल्यावर किल्ली दिली. घे म्हणले की घ्यायचं, जा म्हणले की जायचं... ती म्हणतीय, न्हाई घेत जा."

मी पुस्तक उघडून पाहिलं. त्या रात्रीच्या वर्णनात ती मुलगी किल्ली इतकी घट्ट धरते की तळहातावर वळ उठतो. अकरा वर्षांत त्या वाक्याखाली मी फक्त एका अवघड शब्दाचा अर्थ लिहिला होता. मला आतून कळलं की हा म्हणतोय ते खरं आहे. आणि मी म्हणालो, "लिंबाजी, तपासणाऱ्याकडे वेळ नसतो. त्याला चार मुद्दे दिसले पाहिजेत."

"त्येनं पुस्तक वाचलंय का?"

"वाचलं नसलं तरी मार्क तोच देतो."

"बरं. तुमाला काय वाटतं? ती कशापायी गेली?"

"मला काय वाटतं त्याला मार्क नाहीत."

"मी तुमाला इचारतोय सर, मार्काला न्हाई."

मी त्याला गाईड दिलं आणि सहा उत्तरं पाठ करायला सांगितली. बरा शिक्षक हेच करेल, अशी मी माझी समजूत घातली. त्याच्या घरात दोन मुली होत्या, जागा एकदा गेली तर पुन्हा निघणार नव्हती. हे सगळं खरंच होतं. पण त्याला उत्तर द्यायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. 'तुझं बरोबर आहे, पण परीक्षेत हे लिही,' एवढंच म्हणायचं होतं. त्याचं बरोबर आहे असं म्हटलं, तर अकरा वर्षं मी काय शिकवलं हे मला स्वतःला विचारावं लागलं असतं. ते मला नको होतं.

तिसऱ्या वर्षी त्याला चव्वेचाळीस गुण पडले. पेढे घेऊन आला, पाया पडायला वाकला, मी धरलं. "तुमचंच उत्तर लिवलं सर, शब्दाला शब्द," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

पुढे तो क्लार्क झाला. कार्यालय मैदानाच्या त्या टोकाला, तिथे माझा आवाज पोचत नाही. नवा शिपाई घंटा अगदी वेळेवर देऊ लागला. लिंबाजी भेटला की शिष्यवृत्तीचे फॉर्म, दाखले, पोरांची आधार कार्डं, एवढंच बोलायचा. कादंबरीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. मी एकदा दुसरी एक इंग्रजी कादंबरी त्याच्या टेबलावर ठेवली. "बघतो सर, सवडीनं," म्हणून त्याने ती कपाटात ठेवली. त्याच्या माघारी कपाट रिकामं करताना ती मला परत मिळाली. मी पान न् पान चाळलं. कुठे पेन्सिलीची रेघ, दुमडलेला कोपरा, काहीतरी असेल... काही नव्हतं. पुस्तक उघडलेलंच नव्हतं.

दहाव्यानंतर मी त्याच्या घरी गेलो. मंदाबाई, त्याची बायको, मुलींना म्हणाली, "हे इंग्रजीचे सर." मग मला म्हणाली, "तुमच्या पुस्तकातल्या त्या बाईची गोष्ट त्येंनी मला लई येळा सांगितली. किल्ली परत देणारी." मी मान हलवली. "ते म्हणायचे, सरांना माझं पटलं व्हतं, पर सर बोलले न्हाईत. पटलं व्हतं का सर?"

"हो," मी म्हणालो.

"मग सांगायचं न्हाई का त्येंना," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. उठून चहा ठेवायला गेली.

गेल्या आठवड्यात बारावीच्या वर्गावर तो धडा आला. ठरवूनच गेलो होतो. फळ्याचे दोन भाग केले. डाव्या बाजूला गाईडाचे चार मुद्दे लिहिले, उजव्या बाजूला लिंबाजीचं उत्तर, जमेल तितक्या चांगल्या इंग्रजीत. तळहातावरच्या वळाचं वाक्य वाचून दाखवलं. हे उत्तर कुणाचं, तेही सांगितलं. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी पुस्तकातलं ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होती. सगळ्यांनी दोन्ही उत्तरं उतरवून घेतली. मग त्याच मुलीने हात वर केला. "सर, परीक्षेत कोणतं लिवायचं?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिचे आईबाप दिवाळीनंतर कारखान्यावर जातात, हे मला माहीत होतं. मी खडू फळ्याखाली ठेवला.

"डावीकडचं," मी म्हणालो.

तिने पट्टी घेतली आणि वहीतल्या दुसऱ्या उत्तरावर एक सरळ, स्वच्छ रेघ ओढली. तिचं पाहून बाकीच्यांनीही.