रोहिणीचा रंग आणि सरांचे दोन डोळे

फोन साळवेबाईंचा होता. "अविनाश, गाडी घेऊन ये आणि सरांना कुठेतरी अंधारात घेऊन जा."

पन्नाशी उलटल्यावर असली आमंत्रणं फारशी येत नाहीत, त्यामुळे मी पुढचं नीट ऐकून घेतलं.

साळवे सरांनी मला श्रीरामपूरच्या शाळेत विज्ञान शिकवलं. आता ते सत्तरीचे आहेत. महिन्यापूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि सरांना कळलं की बैठकीची भिंत पिवळी नाही, पांढरी आहे. त्या दिवसापासून ते दिवे लागले की घरात बसतात. वर बघत नाहीत. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनचा तर विषयसुद्धा काढायचा नाही.

"रोहिणीसाठी," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं पोरांना आकाशात नारंगी म्हणून दाखवली. आता नव्या डोळ्याला पांढरी दिसली तर काय करायचं, ही भीती आहे. बोलत नाहीत, पण मला कळतं."

हल्ली तारे बघायला लोक तंबूत राहतात, सोबत बार्बेक्यू असतं आणि तारे सोडून सगळं दिसतं. आमची सहल त्यातली नव्हती. जानेवारीअखेरची अमावास्या धरून मी निघालो. पुणे-नगर-राहुरी-श्रीरामपूर, चहा धरून पाच तास. राहुरीच्या पुढे उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत रस्त्याच्या मधून चालतात. हॉर्न वाजवू नये, त्यांना तो पाठिंबा वाटतो. मुक्काम सरांकडे. बाईंच्या हातचं मटण आणि बाजरीची भाकरी. हा पत्ता ब्लॉगवर मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. सर पुढच्या सीटवर, काळा चष्मा लावून. मागे बाई, डोळ्याचे ड्रॉप आणि चार माणसांचं जेवण घेऊन. घोडेगावला जनावरांचा बाजार भरला होता, म्हणून थांबलो. एक व्यापारी म्हशीचा जबडा उघडून गिऱ्हाइकाला दात दाखवत होता. सर वाकून बघायला लागले.

"मास्तर, चष्मा काढा न् बघा," व्यापारी म्हणाला. "म्हैस काळीच हाय."

"रंग नको सांगू, वय सांग."

"दात बोलत्यात की. मी कशाला बोलू?"

सर खूश झाले. गाडीत बसल्यावर तास सुरू झाला. ताऱ्याचं वय असंच ओळखतात, फक्त दातांऐवजी रंग आणि तेज बघतात. रोहिणीच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला, गाभा आक्रसला आणि बाहेरचा सगळा पसारा फुगत गेला. पृष्ठभाग थंड झाला. थंड म्हणजे साधारण साडेतीन हजार अंश, आपल्या सूर्याचा साडेपाच हजार. म्हणून सूर्य पिवळसर पांढरा आणि ही नारंगी.

"फुगली म्हणजे किती?" मी विचारलं. उत्तर मला आठवीपासून पाठ आहे.

"सूर्य ज्वारीचा दाणा धर. रोहिणी भाकरीएवढ्या रुंदीचा डांगर भोपळा. चव्वेचाळीस पट. आणि वजन? दाण्यापेक्षा किंचित जास्त. आत नुसता विरळ वायू. पण उजेड चारशे पटींच्या वर."

मी चौकातले फ्लेक्स बघत होतो. वजन तेवढंच आणि आकार चव्वेचाळीस पट, हे आपल्या तालुक्यांना नवीन नाही. फ्लेक्सवाल्यांचा उजेड मात्र पडत नाही.

"मग सर, आज बघायची ना?"

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी आधी पुस्तकात नारंगी वाचलं, मग वर पाहिलं. दिसलं ते आकाशातलं की पुस्तकातलं? आणि मोतीबिंदू कधी धरला, कोणी सांगावं?"

"मी सांगतो की, नारंगीच आहे."

"तुला मीच शिकवलंय. तुझी साक्ष चालत नाही."

मागून बाई म्हणाल्या, "माझीही चालत नाही. माझं विचारून झालं."

मिरीच्या बाजूने पाथर्डी तालुक्यात शिरलो. सरांची पहिली नोकरी ज्या गावात होती तिथे हौसाबाईंच्या अंगणात गाडी लावली. त्यांचा मुलगा सरांचा विद्यार्थी. तो आणि सून ऊसतोडीला गेलेले. गावातल्या निम्म्या दारांना कुलपं. इथला अंधार इतका चांगला का, ते मला कुलपं मोजताना कळलं आणि मग तारीफ करायची राहून गेली.

साडेसातला जेवणं झाली. हौसाबाईंनी दोन बाजा अंगणात टाकल्या. सर बाजेवर बसले, मान खाली.

"काय बघाया आलाव म्हनं गुरुजी?"

"रोहिणी."

"आत्ता? रोहिणी मे सरताना लागती. पेरायच्या आधी."

"ते नक्षत्र लागतं तेव्हा सूर्य तिच्याच अंगाला असतो. त्याच्या उजेडात ती दिसत नाही. दिसते ती आत्ता, थंडीत."

हौसाबाईंनी मान वर केली. "म्हंजी जिच्या नावानं आमी जलमभर पेरलं, तिचं त्वांड बी न्हाई पाह्यलं. दावा की. कोन्ची?"

आता सरांना दाखवणं भाग होतं. तरी त्यांनी वर न बघताच सांगितलं: मृगाचे तीन तारे एका रेघेत, रेघ वर चढवत न्यायची, जवळपास डोक्यावर एक ठळक तारा.

हौसाबाई दुसऱ्या बाजेवर आडव्या झाल्या. मी तोंड उघडणार तोच बाईंनी माझा दंड दाबला.

"गावली," हौसाबाई म्हणाल्या. "ती तांबूस? राख बसल्याल्या निखाऱ्यावानी?"

सरांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि आडवे झाले. डावा डोळा हाताने झाकला. बराच वेळ. मग उजवा झाकला. मग पुन्हा डावा. मान वळवून आग्नेयेकडच्या पांढऱ्याशुभ्र व्याधाकडे तसंच केलं.

"जुना डोळा व्याधालाही नारंगी म्हणतो," ते म्हणाले. "सगळ्यांनाच म्हणतो. नवा हिला एकटीलाच म्हणतो."

"मंग खरी कोन्ची?" हौसाबाईंनी विचारलं.

"तुम्ही सांगितलीत तीच."

बाईंनी ड्रॉपची बाटली काढली. "आता गप पडा, ड्रॉपची वेळ झाली."

रोहिणी पासष्ट प्रकाशवर्षं लांब आहे. म्हणजे त्या अंगणात पोचलेला उजेड निघाला तेव्हा सर पाच वर्षांचे होते. पुण्यात परतलो आणि पहिल्याच संध्याकाळी गच्चीवर जाऊन मीही एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा. दोन्हीकडून सारखंच दिसलं. माझ्या डोळ्यांना अजून तरी काही सोडून द्यावं लागलेलं नाही, एवढं घेऊन खाली आलो.

तीन आठवड्यांनी संध्याकाळी बाईंचा फोन आला. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

"सर कुठे आहेत?"

"गच्चीवर. उजव्या डोळ्यावर हात ठेवून बसलेत. म्हणतात, या डोळ्याला सगळं आकाश रोहिणीच दिसतं, उद्यापासून दिसायचं नाही, तेवढं बघून घेतो."

"सर्दी होईल, खाली बोलवा त्यांना."

"कशी बोलवू," बाई म्हणाल्या, "मीही शेजारीच बसलेय."