मागून येणारा आवाज

नागरा गावाच्या रस्त्यावर लग्नसराईत तो रोज सकाळी दिसतो. नवरदेवाला मिरवणारी पांढरी घोडी, आणि वरात आटोपून तिच्यावर बसून घरी निघालेला तो. नाव मी कधी विचारलं नाही.

पहिल्यांदा भेटला तेव्हा मी कार घोडीच्या अगदी मागे नेऊन हॉर्न दाबला. घोडी उधळून कडेच्या शेतात, धानाच्या बांधीत उतरली. त्याने मान थोपटत तिला रस्त्यावर आणलं, खाली उतरला आणि माझ्या कारपुढे तळहात उभा धरून थांबला. मी इंजिन बंद करेपर्यंत हलला नाही.

"बँडमध्ये नाचणारी घोडी हॉर्नला कशी घाबरते?" मी उलट विचारलं.

"बँड इच्या समोर वाजते जी," तो म्हणाला. "तुमी मागून वाजवून राहिले."

तेव्हापासून घोडी दिसली की मी अंतर ठेवून हळू चालवतो. परवा माझ्या मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दाबला. पुढे घोडीचे कान मागे वळले. मी कार थांबवून उतरलो आणि ट्रकपुढे तळहात उभा धरला. इंजिन बंद होईपर्यंत हललो नाही.