चौथ्या वेळचं पाणी

ऑफिसात त्यांना सगळे नमुनाकाका म्हणत. त्यात काम किती आणि स्वभाव किती, हे सोडवत बसायला कुणाला सवड नव्हती. दूषित असल्याचा संशय असलेल्या जागी जायचं, जमिनीखालचं पाणी बाटल्यांत भरायचं आणि प्रयोगशाळेत पोचवायचं, हे काका तीस वर्षं करत होते. अंगावरचं काही नमुन्यात उतरू नये म्हणून कामाच्या दिवशी साबण बिनवासाचा, दाढीनंतर गालाला काही चोपडायचं नाही. लग्नाला जाताना तरी हा माणूस एवढं जपतो का, असं काकू म्हणायच्या.

बंद पडलेल्या पेट्रोल डेपोच्या कुंपणाला लागूनच काकांच्या धाकट्या बहिणीचं घर. डेपोच्या टाक्या गळल्याचा संशय आला, तेव्हापासून वर्षभर तिची विहीर बंद होती आणि ती टँकरमागे बादल्या घेऊन धावत होती. कुंपणालगतच्या तपासणीच्या बोअरचं पाणी लागोपाठ चार वेळा स्वच्छ आलं, की विहीर उघडणार. तीन वेळा आलं होतं. काकांनी साहेबांना नातं सांगून दुसरा माणूस मागितला होता. साहेब म्हणाले, तुम्ही सख्ख्या आईलाही सवलत देणार नाही, जा.

चौथ्या वेळी काकांनी नेहमीसारखा पंप लावून आधी बोअरमधलं शिळं पाणी उपसलं. साचलेलं पाणी म्हणजे पाहुण्यांसमोरचं तोंडदेखलं बोलणं, ते संपलं की जमीन मनातलं सांगते, असं त्यांचं म्हणणं. मग एकही बुडबुडा न ठेवता बाटल्या भरल्या. शेवटचं झाकण लावताना हातमोजा फाटलेला दिसला आणि बोटांना वास आला. सकाळी पेट्रोल पंपावरचा माणूस जागेवर नव्हता, म्हणून काकांनी स्वतःच गाडीत पेट्रोल भरलं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

बहीण कुंपणापलीकडं उभीच होती. हात धुऊन परत भर, म्हणाली. बाटल्या मोजूनच मिळतात, नव्या यायला आठवडा लागेल, असं काकांनी सांगितलं.

"मग ह्याच दे की, दादा. चांगलं आलं तर आलं. वाईट आलं तर सांग, हात बरबटले होते."

"आणि पुढं कधी खरंच वाईट आलं तर? तेव्हाही तू माझे हातच म्हणशील."

तिनं जाऊन दार लावून घेतलं. काकांनी वहीत लिहिलं, हाताला पेट्रोल, नमुने बाद.

आठवड्यानं ते बसनं आले, बर्फाची पेटी खांद्याला अडकवून. बहीण बाहेर आली. काका मोजे उजेडात धरून तपासत होते, तेवढं बघत राहिली.

अहवालात पेट्रोल निघालं. थोडंच, पण निघालं. म्हणजे चार वेळांची मोजदाद पुन्हा पहिल्यापासून. काका स्वतः सांगायला गेले. वाटेत तीन वाक्यं जुळवली होती, चपला काढेपर्यंत तिन्ही विसरले. बहिणीनं कागद वाचून घडी घातली.

"हात?"

"स्वच्छ होते."

"माहितेय. मी बघत होते ना."

टँकरचा भोंगा वाजला. काकांनी दोन बादल्या उचलल्या आणि तिच्यामागे रांगेत जाऊन उभे राहिले.