बेटाचं नाव फक्त तुला

खारघरच्या आमच्या सोसायटीत पाचव्या मजल्यावर एक काकू राहतात. ग्रीसच्या एका छोट्याशा बेटावर त्या दोनदा जाऊन आल्यात. लिफ्टमध्ये कुणीही भेटलं की तिथे कसं जायचं ते सांगतात, आणि सांगून होईपर्यंत लिफ्टच्या दारात पाय अडकवून ठेवतात.

"अथेन्सला उतरायचं, टॅक्सीने बंदर गाठायचं, मोठी बोट सोडून लहान बोट धरायची. आणि वर डेकवर बसायचं बरं का, आत उलट्या होतात."

बेटाचं नाव मात्र सांगत नाहीत. "सांगितलं तर अख्खी सोसायटी येईल. मग तिथेही पार्किंगवरून भांडणं!"

लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही ग्रीसला जायचं ठरवलं, तेव्हा बायकोने त्यांना उकडीचे मोदक नेऊन दिले. काकू विरघळल्या. त्यांनी तिच्या कानात नाव सांगितलं. "फक्त तुला हं."

आम्ही जाऊन आलो. बेट खरंच सुंदर होतं. आल्या आल्या काकूंना मोबाइलवर फोटो दाखवले. त्यांनी एकेक फोटो मोठा करून, मन लावून पाहिला.

"छान आहे की गं हे!" त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला इथेही जाऊन बघते."